धोंडीराम पेंटरची बावीस मजली इमारत

“एवढ्या पाण्यात तुमची इमारत बसवा. न्हाई बसली तर दोन मजले कमी करा,” असं म्हणून साखराबाईनं अर्धा तांब्या पाणी नवऱ्यापुढं ठेवलं आणि ती चुलीकडं वळली.

धोंडीराम पेंटरनं तांब्यात डोकावून पाहिलं. तळाशी थोडा गाळही होता. टँकर मध्यंतरी कधीतरी येऊन गेला होता आणि पुन्हा कधी येईल हे टँकरच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नव्हतं. धोंडीरामचा सगळा जन्म ऑइलपेंटमध्ये गेला होता. ऑइलपेंटला टर्पेंटाइन लागतं, पाणी लागत नाही, त्यामुळं दुष्काळात खळेवाडीतले बाकी सगळे धंदे बसले तरी पाट्या रंगवायचा धंदा चालूच राहायचा. पण लेकीनं पुण्याहून पाठवलेले रंग अॅक्रिलिकचे होते. ते पाण्यात कालवावे लागत, ब्रश पाण्यात धुवावा लागे, आणि चैत्राच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली ते कॅनव्हासपर्यंत पोचायच्या आत ब्रशवरच वाळून जात. आभाळासाठी कालवलेला निळा रंग असा दोनदा वाया गेला होता. ब्रश धुतलेलं पाणी साखराबाई टाकून देत नसे, त्याचा ती अंगणात सडा घालायची. गेले काही दिवस धोंडीरामचं आभाळ कॅनव्हासवर कमी आणि अंगणात जास्त पसरलं होतं.

लेक सत्यभामा पुण्याच्या कडेला एका बावीस मजली इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर राहायला जाणार होती. अक्षय तृतीयेला वास्तुशांत होती. फोनवर ती म्हणाली होती की, आबा, दुसरं काही आणू नका, आमच्या इमारतीचं चित्र तुमच्या हातचं काढून आणा, हॉलच्या भिंतीवर लावायचंय. पाठोपाठ तिनं रंगांची पेटी, पुरुषभर लांबीचा कॅनव्हास आणि मोबाइलवर इमारतीचा फोटो पाठवून दिला. धोंडीरामनं तो फोटो बीडला जाऊन मोठा करून आणला, सुताराकडून चौकट ठोकून घेतली आणि तिच्यावर कॅनव्हास ताणला.

आता यात वरवर पाहता अवघड काही नव्हतं. पण धोंडीरामच्या मनात दोन काटे होते. पहिला काटा व्याह्यांचा. लग्नात व्याही बद्रीनाथराव कुणाला तरी ओळख करून देताना म्हणाले होते, “मुलीचे वडील पाट्या रंगवतात.” त्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं होतं. सत्यभामानं मात्र सासरी छातीठोक सांगितलं होतं की माझे वडील चित्रकार आहेत. लेकीचा शब्द आता त्या कॅनव्हासवर टांगला होता.

दुसरा काटा आणखी जुना होता. धोंडीरामनं आजवर जेवढ्या इमारती काढल्या, त्यातली एकही उभी राहिली नव्हती. गावातल्या श्री भैरवनाथ सहकारी दूध संस्थेत अशी रीतच होती की कुठलीही योजना आली की आधी तिचं संकल्पचित्र व्हायचं, म्हणजे होणारी इमारत कशी दिसेल त्याचा मोठा रंगीत बोर्ड. तो धोंडीराम रंगवायचा. मग बोर्डापुढं नारळ फुटायचा, पेढे वाटले जायचे, बोर्ड हॉलच्या भिंतीवर चढायचा आणि योजना तिथंच संपायची. शीतगृह, पशुखाद्याचा कारखाना, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, सगळं त्या भिंतीवर ओळीनं लागलेलं होतं. परगावचा पाहुणा तो हॉल बघून म्हणे की तुमचं गाव लई सुधारलेलं दिसतंय, आणि बाहेर पडला की गाव शोधत बसे. दारू पिऊन एकदा कुणीतरी धोंडीरामला म्हणाला होता की तुझा हात लागला की इमारत मरते. तेव्हा तो हसला होता, पण ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. या वेळी त्याला खरीखुरी, उभी असलेली इमारत काढायला मिळत होती.

पत्र्याखाली हे काम होणार नाही हे कळल्यावर त्यानं संस्थेचा हॉल गाठला. हॉल उंच होता, गार होता, दुष्काळानं दूध आटल्यामुळं अर्धा रिकामाच होता, आणि मुख्य म्हणजे कॅन धुण्यासाठी संस्थेला पाण्याचा वेगळा टँकर मिळे. चेअरमन विठ्ठलराव फोनवर कुणाशी तरी चारा छावणीवरून भांडत होते. धोंडीरामनं विचारलं तसं त्यांनी त्याच्याकडं न बघताच “रंगव की, कुणाला काय तरास न्हाई” असं म्हणून हात हलवला. एवढी सोपी परवानगी त्या संस्थेत आजवर कुणाला मिळाली नव्हती, आणि तिथंच धोंडीरामनं सावध व्हायला हवं होतं.

त्यानं कॅनव्हास भिंतीला टेकवला, पेन्सिलीनं चौकटी पाडल्या आणि कामाला लागला. गारव्यात रंग हवा तसा वागू लागला. इमारत एकेक मजला करत खालून वर चढू लागली. काचा, बाल्कन्या, कठडे, वर निळंशार आभाळ. आपल्या हाताला हे जमतंय याचं त्याला स्वतःलाच नवल वाटत होतं, आणि मधूनच मागं सरून तो चित्राकडं बघत एकटाच हसायचा.

संध्याकाळी दूध घालायला आलेली माणसं कॅन खाली ठेवून उभी राहिली. कुणीतरी विचारलं, ही इमारत कुणाची. धोंडीरामनं खरं ते सांगितलं, की पुण्यातली हाय, पोरगी तिथं राहायला चाललीय. सगळ्यांनी मान हलवली आणि कुणीही विश्वास ठेवला नाही. संस्थेची निवडणूक तोंडावर आली होती. निवडणुकीच्या तोंडावर, संस्थेच्या हॉलमध्ये, त्याच भिंतीखाली, तोच पेंटर इमारत काढतोय, तर ती पुण्यातली कशी असेल?

दूध मोजणारा सेक्रेटरी गहिनीनाथ फॅट बघता बघता एकेकाच्या कानाशी लागला. “पुण्यातली इमारत हितं कावून काढील बे कुणी? बावीस मजली हाय. मी मोजलेत.”

दुसऱ्या दिवशी विठ्ठलरावांना रस्त्यात चार जणांनी अडवून विचारलं. त्यांना विषयच माहीत नव्हता, त्यामुळं ते म्हणाले, असं काय न्हाई. खळेवाडीत चेअरमननं असं काय न्हाई म्हटलं की प्रस्ताव मुंबईला गेला असं समजण्याची पद्धत आहे. दुपारपर्यंत सगळ्या गावानं मान्य केलं की संस्था बावीस मजली इमारत बांधणार, खाली डेअरी, वर दुकानं, त्याच्यावर सभासदांना राहायला जागा.

विरोधी पॅनलचे आप्पाराव या सगळ्यावर तुटून पडतील अशी विठ्ठलरावांना आशा होती, म्हणजे आपोआप खुलासा झाला असता. पण आप्पाराव मुरलेले होते. त्यांनी पारावर बसून जाहीर केलं की चेअरमन गावाला फसवतायत, बावीस मजल्यांत सगळे सभासद मावत नाहीत, आमचं पॅनल आलं तर पंचवीस मजले बांधू. हे ऐकल्यावर विठ्ठलरावांपुढं दुसरा मार्गच उरला नाही. नाही म्हणावं तर आप्पारावांचे पंचवीस मजले उभे राहत होते. त्यांनी गहिनीनाथला सांगितलं की योजना विचाराधीन आहे असं कळव आणि सभासदांकडून सूचना मागव.

सूचना यायला वेळ लागला नाही. सगळ्यात आधी म्हाळू धनगर काठी टेकत आला, चित्रापुढं बराच वेळ उभा राहिला आणि त्यानं जनावरांचं काय केलं ते विचारलं. मेंढरं जिना चढतात, म्हशी चढत नाहीत, तेव्हा म्हशींना तळमजला द्या असं त्याचं म्हणणं पडलं. गहिनीनाथनं ते ताबडतोब मान्य केलं आणि गेटाशेजारी एक म्हैस दाखवायला सांगितली. धोंडीराम काकुळतीला आला. वास्तुशांतीच्या चित्रात म्हैस कशी दाखवू, असं तो विचारू लागला. गहिनीनाथ म्हणाला, “दूधसंस्थेच्या इमारतीत म्हैस न्हाई तर काय हत्ती दाखवतूस?”

मग बचत गटाच्या विमलबाई बायकांचा घोळका घेऊन आल्या. त्यांनी वरच्या मजल्याकडं बोट दाखवून विचारलं की तिथल्या बाईनं डोक्यावर हंडा घेऊन किती पायऱ्या चढायच्या. धोंडीरामनं सांगितलं की अशा इमारतीत वर नळ असतात.

“नळ आमच्या घरीबी हाय, पेंटर,” विमलबाई शांतपणे म्हणाल्या. “पाणी कुठाय ते दाखवा.”

धोंडीरामनं ब्रश उचलला. चित्रात गेटापुढं एक टँकर आला आणि टँकरपुढं घागरींची रांग लागली. आप्पारावांच्या माणसांनी टँकरचा रंग चेअरमनच्या पुतण्याच्या टँकरसारखा आहे अशी हरकत घेतल्यामुळं तो रंग एकदा बदलावाही लागला. शेवटी गहिनीनाथ चेअरमनसाहेबांचा फोटो घेऊन आला. दारावर संस्थेच्या नावाची ठळक पाटी आणि पाटीच्या वर साहेब उभे, असा वरून हुकूम होता. विठ्ठलरावांचं धोतर, सदरा आणि टोपी पांढरीशुभ्र असायची. त्यांना बसवता बसवता धोंडीरामची पांढऱ्या रंगाची नळी सपाट झाली.

त्या संध्याकाळी त्यानं मागं सरून चित्राकडं पाहिलं. लेकीची इमारत पार गाडली गेली होती. समोर उभी होती ती आणखी एक योजना, आणि योजनांचं पुढं काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तो तडक विठ्ठलरावांच्या घरी गेला, हात जोडले, सगळी हकिकत सांगितली आणि अक्षय तृतीयेला चित्र पुण्याला न्यायचंय म्हणाला.

विठ्ठलरावांनी सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं. ते दुष्ट नव्हते, फक्त चेअरमन होते.

“धोंडीराम, चित्र संस्थेच्या हॉलात काढलंस का न्हाई? संस्थेच्या टँकरच्या पाण्यानं काढलंस का न्हाई? मग संस्थेचंच झालं की ते. निवडणूक झाली का घिऊन जा, मी स्वतः बांधून देतो.”

“साहेब, तवर वास्तुशांत होऊन जाईल.”

“घर कुठं पळून चाललंय? एवढं मोठं हाय.”

हॉलला कुलूप लागलं आणि किल्ली गहिनीनाथच्या करगोट्याला गेली. धोंडीराम घरी येऊन भिंतीला टेकून बसला. त्यानं भाकरीला हात लावला नाही. साखराबाईनं विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं, आणि म्हणाला की पोरीला फोन करून सांग, तुझा बाप पाट्याच रंगवतो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी साखराबाईनं नवऱ्याला असं कधी पाहिलं नव्हतं. तिनं भाकरी झाकून ठेवली.

“रविवारी संस्थेची सभा हाय ना? मीबी सभासद हाय. मी येते.”

“तू येऊन काय करणार?”

“काय न्हाई. एक शंका इचारते.”

रविवारी सभेला मांडव अपुरा पडला. एरवी कोरम भरायला गहिनीनाथला गाडी घेऊन माणसं गोळा करावी लागत, त्या दिवशी शेजारच्या वाडीतलेही लोक बघायला आले होते. चित्र स्टेजवर मधोमध उभं केलं होतं, त्याला झेंडूची माळ घातली होती. आधी विठ्ठलराव बोलले. मग आप्पाराव बोलले आणि त्यांनी पंचवीस मजल्यांवर गच्चीत बागेचीही भर घातली. टाळ्या पडल्या. जागा कुठली हे कुणी विचारत नव्हतं, कारण जागा सगळ्यांना माहीत होती. संस्थेच्या मागं जो मोकळा तुकडा होता, तीच.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं साखराबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं विचारलं, “साहेब, शंका लहान हाय. एवढी उंच इमारत. हिची सावली कुणाच्या रानात पडायची?”

मांडवात थोडं हसू पिकलं. मग ते हळूहळू विरलं. कारण त्या तुकड्याच्या मावळतीला आप्पारावांचं रान होतं, उगवतीला विठ्ठलरावांचं होतं, आणि थोडं पुढं या दोन्ही रानांच्या बांधावर एक लिंब होता. त्या लिंबाची सावली कुणाच्या कपाशीवर पडते आणि कुणाची बोंडं त्यामुळं फुटत नाहीत, यावरून दोन्ही घरांत कोर्टात दावा चालू होता. दावा लावणारे वारले होते, त्यांचे वकील वारले होते, आता दोघांची मुलं तारखेला जात होती. तो लिंब फार तर दोन पुरुष उंच होता.

आप्पारावांनी चित्राकडं पाहिलं. मग उन्हाकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब उमटला.

“म्हंजे दुपारपस्तोर सावली माझ्या रानात?” ते उठून उभे राहिले. “चेअरमन, हा डाव हाय का?”

“डाव कसला? दुपारनंतर माझ्या रानात न्हाई का पडणार?” असं म्हणता म्हणता विठ्ठलरावांच्याही ते ध्यानात आलं आणि ते मटकन खुर्चीत बसले.

यानंतर सभा कुणाच्याच हातात राहिली नाही. आप्पाराव म्हणू लागले की इमारत पूर्वेला सरकवा. विठ्ठलराव म्हणाले, पश्चिमेला सरकवा, नाहीतर मजले कमी करा. निम्म्या सभासदांनी मजले कमी करायला विरोध केला, कारण त्यांनी आपापसांत वरचे मजले वाटून घेतले होते. कुणीतरी सुचवलं की इमारत थोडी उत्तरेला घ्या, म्हणजे सावली रानातच पडणार नाही. तशा विमलबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की उत्तरेला गावठाण आहे, मग आमच्या कुरडया आणि पापड वाळवायचे कुठं, चेअरमनच्या डोक्यावर? बायकांनी एकदम गलका केला. म्हाळू धनगर एकटा म्हणत होता की मेंढरांना सावली बरी असते, पण त्याचं कुणी ऐकलं नाही.

विठ्ठलराव आणि आप्पाराव दोघं मांडवाच्या मागं जाऊन पाच मिनिटं बोलले. त्या दोघांना असं एकत्र बोलताना गावानं कधी पाहिलं नव्हतं. परत येऊन विठ्ठलरावांनी ठराव मांडला की सदर योजना सभासदांच्या व पिकांच्या हिताची नसल्यानं कायमची रद्द करण्यात येत आहे. आप्पारावांनी अनुमोदन दिलं. संस्थेच्या जन्मापासून एकमतानं मंजूर झालेला हा पहिलाच ठराव होता. शिवाय पुढं कुणाला पुन्हा मोह होऊ नये म्हणून चित्र त्याच दिवशी संस्थेच्या आवारातून हलवावं अशी उपसूचना आली, तीही मंजूर झाली. गहिनीनाथनं स्वतः एका बाजूला धरून चित्र धोंडीरामच्या दारात आणून टाकलं. झेंडूची माळ तेवढी साखराबाईनं काढून शेळीला घातली.

वेळ थोडा राहिला होता आणि रंग त्याहून थोडे. धोंडीरामनं तळाशी राहिलेले रंग खरवडून काढले. पांढरा संपलेला असल्यामुळं चेअरमनसाहेबांवर त्यानं आभाळातला निळा फासला, संस्थेच्या पाटीवर काचा चढवल्या. टँकरपाशी येईतो नळ्या रिकाम्या झाल्या. उरला होता फक्त काळा, आणि काळ्यानं म्हैस पुसली गेली नसती, जास्त उठून दिसली असती. टँकर, घागरी आणि म्हैस गेटापुढं होती तशीच राहिली. व्याह्यांपुढं नाक कापलं जाणार हे धोंडीरामनं मनाशी धरून टाकलं. चित्र साखराबाईच्या गोधडीत गुंडाळून, दोरीनं बांधून दोघं बीडला आली आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या पोटात ते आडवं ठेवून पुण्याला निघाली. वाटेत गाडी जिथं जिथं थांबली तिथं तिथं तो उतरून गोधडी चाचपून येत होता.

सकाळी मालाची रिक्षा इमारतीपुढं थांबली. धोंडीराम खाली उतरला आणि त्यानं वर पाहिलं. वर पाहता पाहता टोपी मागच्या मागं पडली. फोटोत पाहिलेली, चौकटी पाडून काढलेली प्रत्येक बाल्कनी तिथं होती. नववा मजला काढताना रेघ वाकडी गेली होती, तो तिथं सरळ उभा होता. त्याला एकदम भरून आलं. टोपी उचलून झटकताना त्याची नजर खाली गेटाकडं गेली आणि तो जागच्या जागी थबकला.

गेटापुढं पाण्याचा टँकर उभा होता. त्याच्यामागं दुसरा. वॉचमन पाइप धरून उभा होता आणि अर्ध्या चड्डीतले दोन सद्गृहस्थ आधी कुठल्या विंगच्या टाकीत पाणी सोडायचं यावरून तावातावानं बोलत होते. रस्त्याच्या पलीकडं जुन्या गावठाणातली चार घरं अजून शिल्लक होती, आणि त्यातल्या एकाची म्हैस येऊन गेटाशेजारच्या भिंतीच्या सावलीत रवंथ करत बसली होती.

साखराबाईनं टँकर बघितला, म्हैस बघितली आणि गोधडी बघितली. तिनं पदर तोंडाला लावला.

वास्तुशांत झाली. पाहुणे आणि शेजारी हॉलमध्ये जमल्यावर सत्यभामानं गोधडी सोडली. बद्रीनाथराव चष्मा लावून पुढं आले. त्यांनी आधी आभाळ बघितलं, मग मजले, मग खाली वाकून गेटापाशी बराच वेळ नजर लावली. धोंडीराम गोधडीची घडी घालू लागला.

“व्याही, तुम्ही इथं आधी येऊन गेला होतात का?”

“न्हाई जी. आजच आलो.”

“मग हे?” त्यांनी टँकरवर बोट ठेवलं. “बिल्डरच्या जाहिरातीत इथं कारंजं दाखवलं होतं. त्या कारंज्याला भुलून आम्ही पोराला ही जागा घ्यायला लावली. खरं काय ते तुम्ही काढलंत.”

“आणि ही आपली म्हैस,” सत्यभामाच्या शेजारणीचा आवाज आला. “रोज गेटापुढं बसते. किती हुबेहूब आहे.”

बद्रीनाथरावांनी धोंडीरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि जमलेल्यांना ओळख करून दिली की हे आमचे व्याही, चित्रकार आहेत. सत्यभामाचे डोळे भरले. धोंडीरामला कुठं बघावं ते कळेना, म्हणून तो म्हशीकडं बघत राहिला.

गोष्ट इथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण मघाशी गेटापाशी भांडणारे दोन्ही गृहस्थ याच घोळक्यात होते. त्यातले एक इमारतीच्या सहकारी संस्थेचे चेअरमन निघाले आणि दुसरे सेक्रेटरी. चेअरमन म्हणाले की असं चित्र एका फ्लॅटमध्ये ठेवणं बरोबर नाही, ते संस्थेच्या ऑफिसात हवं. सेक्रेटरी म्हणाले, हरकत नाही, पण टँकर ‘ए’ विंगपुढंच का दाखवलाय, यातून चुकीचा संदेश जातो, पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. एका बाईंनी मजले मोजले आणि आपली बाल्कनी वरच्यांच्या बाल्कनीपेक्षा लहान आल्याचं निदर्शनाला आणलं. कुणीतरी विचारलं की कमिटीचे फोटो दारावर बसतील का.

धोंडीरामनं स्वयंपाकघराकडं पाहिलं. साखराबाई पुरणाचे हात पुसत दारात उभी होती. तिनं एकदा सगळ्यांकडं नजर फिरवली, पदर सारखा केला आणि बाल्कनीत जाऊन खाली वाकून बघितलं.

“भाऊ, शंका लहान हाय,” ती चेअरमनना म्हणाली. “ह्या इमारतीची सावली कुणाच्या अंगावर पडती?”

मग ‘बी’ विंगमधल्या एका गृहस्थांनी घसा साफ केला आणि म्हणाले की विषय निघालाच आहे तर सांगतो, आमची विंग बुटकी, ‘ए’ विंगची सावली दुपारपर्यंत आमच्या गच्चीवरच्या सोलरवर असते, आमच्याकडं आंघोळीला गरम पाणी येत नाही. ‘ए’ विंगच्या बाई म्हणाल्या की मग संध्याकाळी तुमची सावली आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येते त्याचं काय. चेअरमन म्हणाले, प्रत्यक्ष खाली जाऊन बघू. बोलत बोलत सगळे आधी बाल्कनीत गेले, मग लिफ्टकडं, आणि लिफ्टचं दार लागल्यावर हॉल एकदम शांत झाला.

बद्रीनाथरावांनी खिळा धरला, धोंडीरामनं हातोडी मारली. चित्र भिंतीवर चढलं. मागं सरून तो बराच वेळ बघत राहिला. खालून, एकोणीस मजल्यांखालून, भांडणाचा आवाज बारीक येत होता.

“बघितलंस का,” तो हळूच साखराबाईला म्हणाला. “माझ्या हातची ही पयलीच इमारत उभी राहिली.”

साखराबाईनं पुरणपोळीचं ताट त्याच्या हातात दिलं.

“राहणारच. तुमी काढायच्या आधीच बांधून झालती.”